सगळ्यात मऊ गादी

“...मग महाराज, घरात एवढी मऊ गादी असताना इथं येऊन फळीवर पडायचं, याला काय म्हणायचं?”

मुरलीधर हावळ सकाळपासून फिरून फिरून तेच विचारत होता.

भैरवगिरी महाराज ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

“झोप म्हणायचं,” ते म्हणाले.

मुरलीधरने कपाळावर हात मारून घेतला.

इचलकरंजीत त्याचा गाद्यांचा कारखाना होता. त्याचे वडील, तात्या, नवरात्रात दर्शनाला म्हणून टेकडीवरच्या या मठात आले, ते परत गेलेच नाहीत. कारणही सांगेनात. गादीवाल्याचा बाप मठात लाकडाच्या फळीवर झोपतो, हे गावभर झालं होतं. थंडी तोंडावर आलेली, त्यात तात्यांचा खुबा दुखरा. मुरलीधरच्या जिवाला घोर लागला होता. तात्या कुणाचं ऐकत नसत, पण महाराजांचा शब्द मोडत नसत. म्हणून आज तो तात्यांचीच गादी जीपच्या टपावर बांधून घेऊन आला होता.

“तुम्ही एकदा सांगा. तुमचं ऐकतील.”

“मी कशाला सांगू? फळीची काही तक्रार नाही.”

“लोक मला हसतात हो!”

“तुला हसतात ना? मग तू झोप फळीवर.”

अंगणाच्या कडेला तात्या पावट्याच्या शेंगा तोडत होते. मान वर न करता ते म्हणाले, “मुरली, त्यांचं डोकं खाऊ नकोस. मी येत नाही.”

“पण का, ते तरी सांगा की तात्या!”

तात्या बसल्या जागेवरून जमिनीला तळवा टेकून आपले आपण उठले आणि दुसऱ्या वेलाकडे वळले.

“बघितलंत?” मुरलीधर महाराजांना म्हणाला. “असं आहे सगळं.”

महाराजांनी टरफलं बाजूला सारली.

“गादी चांगली आहे?”

आता कुठं कामाचा प्रश्न आला. मुरलीधर सरसावून बसला.

“कसं आहे महाराज, एक फोम असतो जड, भरीव. वर्षानुवर्षं हलत नाही. पण दुकानात पंजानं दाबला की हाताला परत ढकलतो. गिऱ्हाईक लगेच तोंड वाकडं करतं. दुसरा हलका. दाबला की बोटं लोण्यात गेल्यासारखी. तोच खपतो.”

“आणि टिकतो?”

“...वर्षभर काही बघावं लागत नाही.”

“मग?”

“मग मधे बसतो जरा. खळगा पडतो. पण गादी उलटी केली की झालं!”

“बापाला कुठला दिलास?”

“हलका. त्यातलाही सगळ्यात मऊ, वर आणखी एक थर.” मुरलीधरचा आवाज चढला. “कारखान्यातली फोमची एकेक लादी दाबून बघून मी स्वतः निवडलाय. जन्मभर मागावर बसून त्यांची पाठ मोडली, महाराज. म्हटलं, आता या पाठीला काही टोचायला नको.”

हे तो खरं बोलत होता. महाराजांनाही ते कळलं असावं.

“रात्री उठायचं झालं तर?”

“मी आहे ना! हाक मारतात. दोन्ही हात धरून उभं करतो. कितीही वेळा असू दे. कधी कंटाळा केला नाही.”

“इथं कोण उभं करतं?”

“...कोण?”

“मी तुला विचारलं.”

“मला काय माहीत? तुमचा कोणी शिष्य असेल.”

“माझे शिष्य? ते स्वतः आरतीला उठले तरी पुष्कळ.”

मुरलीधरला या उत्तराचं काय करावं ते कळेना. तो पुन्हा मूळपदावर आला.

“तरी पण महाराज, मऊ गादी ती मऊ गादी. म्हाताऱ्या माणसाला मऊच...”

“मऊ, मऊ, मऊ!” महाराजांनी हातातली शेंग सुपात आपटली. “दुसरा शब्दच नाही का रे तुझ्याकडे? टाक ती गादी खाली. झोप तिच्यावर.”

“मी?”

“मग मी?”

गादी ओसरीसमोर अंथरली. तिच्या मधोमध तात्यांच्या अंगाएवढा खळगा होता. मुरलीधर पन्नाशीचा, पोट सुटलेला, गुडघे कुरकुरणारे. चपला काढून तो कसाबसा त्या खळग्यात आडवा झाला.

“कसं वाटतंय?”

“छान! मी काय म्हणत होतो...”

“पड मग.”

महाराज शेंगांकडे वळले.

मुरलीधर पडून राहिला. कंबर हळूहळू खाली चालली. दोन्ही बाजूंनी फोम खांद्यापर्यंत वर आला. थोड्या वेळानं कंबरेला खालची फरशी लागली. पाठीला घाम फुटला. तो कुशीवर वळायला गेला, तर खळग्यानं त्याला उचलून पुन्हा मधे आणून टाकलं.

“महाराज... झालं का?”

“काय?”

“हे... जे काय चाललंय ते.”

“मला काय विचारतोस? ऊठ की.”

मुरलीधरने कोपर रोवलं. कोपर आत गेलं. दुसरं रोवलं, तेही गेलं. तळवा टेकला तर मनगटापर्यंत बुडाला. गुडघा वर घेतला, तशी टाच घसरली. सदरा पोटावर गोळा झाला. एकदा अर्धा उठला आणि धप्पकन मागे पडला.

तात्या पावट्याची टोपली घेऊन तिथं येऊन उभे राहिले होते. त्यांनी क्षणभर बघितलं... आणि तोंड फिरवलं.

महाराज ओसरीवरून उतरून जवळ आले. मुरलीधरने हात वर केला.

महाराजांनी आपले दोन्ही हात कफनीच्या आत घेतले.

“अहो, हात द्या की!” मुरलीधर ओरडला. “माणूस असा पडलाय, दिसत नाही का तुम्हाला?”

महाराज त्याच्याकडे बघत राहिले...

“हात तर तुझ्या बापालाही मिळत होता, मुरली.”