पेन्सिलच्या चार रेघा

“सीट तुम्हीच कापल्यात ना, उस्ताद?”

“मीच.”

“मग गळतंय ते कुणाचं?”

रिक्षातून गोणपाटात गुंडाळून आणलेलं जीपच्या इंजिनाचं जड हेड शाल्मलीनं धापा टाकत दस्तगीर उस्तादांच्या ओट्यावर ठेवलं होतं. उस्तादांनी त्याच्याकडे नुसता कान वळवला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. उजव्या डोळ्यानं समोर माणूस आहे की म्हैस एवढंच कळतं, असं ते स्वतःच सांगत.

“बस,” ते म्हणाले.

“बसायला वेळ नाही. दोनला निघायचंय.”

“मग हुभी ऱ्हा.”

शाल्मली इंगवले उभीच राहिली. गेल्याच वर्षी ती मेकॅनिकल इंजिनिअर झाली होती. म्हाताऱ्या माणसांसमोर उभं राहायची तिला सवय होती. त्यांचं बोलणं लवकर संपत नाही, आणि बसलं की मुळीच संपत नाही, असा तिचा अनुभव होता.

वेळ खरोखरच नव्हता. उद्या रविवारी कोल्हापूरबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर जीपगाड्यांची शर्यत होती आणि आज संध्याकाळी पाचला गाड्यांची तपासणी. पाचला जी गाडी स्वतःच्या इंजिनावर मैदानात येणार नाही, तिचं नाव कटणार होतं. घरी तिची मैत्रीण संयोगिता गॅस्केट आणि पाने मांडून बसली होती. हेड चढवून, टॅपेट लावून, इंजिन सुरू करायला अडीच तास. म्हणजे दोनला इथून निघायलाच हवं होतं. आता साडेदहा वाजले होते.

गेल्या वर्षी जीप-शर्यतींच्या क्लबातल्या मंडळींना तिनं सांगितलं होतं, की वडिलांच्या जुन्या जीपच्या हेडला मोठे व्हॉल्व्ह मी घरी बसून बसवणार. तेव्हा त्यातले एक पिकल्या मिशांचे गृहस्थ चहाची बशी खाली ठेवून म्हणाले होते, “घरी पुरणपोळ्या होतात ताई, हेड नाही होत.” सगळे हसले. शाल्मली हसली नव्हती. वर्षभर ती त्या हसण्यावरच जगत होती.

व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या छातीतलं दार. दार मोठं तर श्वास मोठा, श्वास मोठा तर ताकद मोठी. हे गणित तिनं बारा पानं भरून मांडलं होतं. हवा आत घेणारे चार व्हॉल्व्ह छत्तीस मिलिमीटरचे होते, ते तिनं एकोणचाळीसचे केले. ते ज्या कड्यांवर टेकतात त्या सीट कापायचं काम तेवढं तिच्या हातातलं नव्हतं. त्यासाठी महिन्यापूर्वी ती याच ओट्यावर आली होती. उस्तादांनी हातकटरनं, डोळे मिटून, चार सीट कापून दिल्या होत्या आणि फक्त दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, व्हॉल्व्ह खरखरीत पेस्ट लावून सीटवर हातानं घासायचे. दोन, काम संपेपर्यंत ते ह्या फळीवर ठेवायचे.

फळी म्हणजे आठ भोकं पाडलेली सागवानी पट्टी. तेलानं काळी पडलेली.

म्हाताऱ्यांना प्रत्येक गोष्टीचं व्रत करायला आवडतं, असं तेव्हा शाल्मलीच्या मनात आलं होतं. तिनं फळी घेतली आणि घरी जाऊन जीपच्या मागच्या सीटखाली सरकवून दिली.

आता उस्तादांनी हेड दोन विटांवर उलटं ठेवलं. आठ व्हॉल्व्हची तोंडं आभाळाकडे. वाट्यांसारख्या चार खळग्यांत त्यांनी रॉकेल ओतलं आणि बाजूच्या भोकांखाली हात धरला.

…

पहिल्या भोकातून थेंब आला. मग दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याही. जुन्या, न बदललेल्या चार व्हॉल्व्हकडून काहीच आलं नाही. गळत होते ते तिचे चार.

“बघा,” शाल्मली म्हणाली. तिच्या आवाजात थोडा विजयही होता. “तीन दिवस घासलेत मी. तळहात सोलून निघाले. सीटच वाकडी असेल तर मी काय करणार?”

उस्तादांनी बोटांवरचं रॉकेल हुंगलं.

“धुतलंस कशात?”

“काय?”

“घासून झाल्यावर. पेस्ट धुतली असशील.”

“परातीत.”

“चारी?”

“चारी एकदमच. का?”

“फळी कुठं हाय?”

शाल्मलीनं सांगितलं, घरी, जीपमध्ये आहे. मग तिनं त्यांना नीट समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. चारही व्हॉल्व्ह एकाच मापाचे आहेत. मायक्रोमीटरनं तीन-तीनदा मोजलेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक नाही. कुठलाही कुठंही बसवला तरी तोच. फळीची गरज मोजायची साधनं नव्हती त्या काळात असेल.

“म्हंजे चारी सारखं?”

“सारखे.”

उस्ताद मान डोलवत राहिले, जणू खूप दिवसांनी कुणीतरी चांगली बातमी सांगितली होती.

मग त्यांनी रॉकेल उपसलं, तिचे चारही व्हॉल्व्ह बाहेर काढले, लुंगीच्या सोग्यानं कोरडे केले आणि मांडीवर घेतले. एक उचलला. पहिल्या जागी सोडला, दोन बोटांनी पाव वळसा दिला आणि काढला. दुसऱ्या जागी सोडला, पाव वळसा, काढला. तिसऱ्या जागी सोडला…

बोटं तिथंच थांबली.

“ह्यो हितला.”

पुढचा उचलला. तो चौथ्या जागी थांबला. त्यापुढचा लगेच पहिल्या जागी. डोळे मिटलेलेच होते. जत्रेत हरवलेली पोरं आयांच्या हाती द्यावीत तसे ते एकेक व्हॉल्व्ह जागेवर ठेवत होते, आणि ठेवल्यावर वरून अंगठ्यानं हलकेच दाबत होते.

शाल्मली खाली बसली. आपण कधी बसलो, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

त्यांनी तीन वाट्यांत पुन्हा रॉकेल ओतलं. शाल्मली ओट्यावर पालथी झाली, गाल फरशीला टेकवला आणि भोकांतून आत पाहू लागली. एक मिनिट गेलं. पाच गेली. आत कोरडं होतं. पेस्टनं राखाडी झालेल्या कोरड्या धातूवर बाहेरचा उजेड पडला होता, आणि वर तेवढंच रॉकेल, तसंच, न हलता, आभाळाचा एक तुकडा धरून उभं होतं.

तिच्या मायक्रोमीटरला जे दिसलं नव्हतं, ते या माणसाच्या दोन बोटांना दिसलं होतं. तीन दिवस तिनं जे घासलं ते व्हॉल्व्हही नव्हते आणि सीटही नव्हत्या. त्या जोड्या होत्या. आणि तिनं त्या परातीत सोडून दिल्या होत्या.

“आणि हा?” तिनं हळूच विचारलं.

चौथा अजून उस्तादांच्या मांडीवर होता. दुसरी जागा तेवढी मोकळी होती, तर तो तिथलाच असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण उस्तादांनी तो तिथं ठेवला नाही. त्याच्या तिरप्या कडेवरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा. मग उलटं.

“ह्याला काठी लावली न्हाईस.”

शाल्मलीचा चेहरा उतरला.

“जातानाबी ह्योच रस्ता, येतानाबी ह्योच,” ते जणू स्वतःशीच म्हणाले. “मशीन लावलंस.”

हे जगात कुणाला माहीत नव्हतं. संयोगितालाही नाही. एका टोकाला रबरी वाटी असलेली काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि ताक घुसळताना रवी फिरवतात तशी दोन्ही तळहातांत फिरवत राहायची, पुढं-मागं, पुढं-मागं, हे तिनं तीन व्हॉल्व्हना केलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तळहाताचे फोड फुटले. तेव्हा चौथ्याची दांडी तिनं वडिलांच्या ड्रिल मशीनमध्ये धरली आणि एकाच दिशेनं गरगर फिरवून चार मिनिटांत काम उरकलं. चकचकीत दिसत होता तो. चौघांत सगळ्यात देखणा.

खोटं बोलायला तिला यायचं, पण त्या नखासमोर जीभ वळेना.

“किती वाजलं?” उस्तादांनी विचारलं.

“अकरा वीस.”

“ठेव तो. मी करतो. तासाभरात हुईल.”

तासाभरात म्हणजे साडेबारा. दोनच्या आधी ती घरी असती. पाचला गाडी मैदानात, आणि पिकल्या मिशांसमोर ती बॉनेट उघडून उभी. शाल्मलीनं त्यांच्या मांडीवरचा व्हॉल्व्ह उचलला, पुसला, आणि त्यांच्या हातात द्यायला पुढं केला.

मधे हेड होतं. तीन वाट्यांतलं रॉकेल अजून हललं नव्हतं.

ते तीन तिनं केले होते. नावं चुकवली, घरं चुकवली, तरी केले तिनंच होते.

तिनं हात मागं घेतला.

“नको. मी करते.”

“दोनला जायाचं म्हणालीस.”

“दोनला जाईन. मला काय दिवस लागणार आहे?”

उस्ताद हसले की काय, ते त्यांच्या दाढीतच राहिलं. त्यांनी आतून काठी मागवली, पेस्टची डबी मागवली आणि सुताराची एक बुटकी पेन्सिल. व्हॉल्व्हच्या कडेवर त्यांनी बोटानं चाचपत चार आडव्या रेघा मारल्या. चार दिशांना चार. मग सांगितलं, की घासायचं, पुसायचं, अशा रेघा मारायच्या, कोरडाच जागेवर सोडून पाव वळसा द्यायचा आणि काढून बघायचं. चारी रेघा एकदम पुसल्या तर व्हॉल्व्ह चहूबाजूंनी टेकला. एक जरी उरली तर तिथं फट आहे.

“फट केसापेक्षा बारीक असली तरी?”

“केस लई जाड असतोय.”

शाल्मलीनं काठी धरली.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चारांतल्या तीन रेघा जशाच्या तशा होत्या. मशीननं पाडलेला खड्डा आधी घासून काढायचा होता. दुसऱ्यांदाही तीन. तिसऱ्यांदा एक पुसट झाली. तिनं घड्याळ पाहिलं. बारा दहा. पुन्हा पेस्ट, पुन्हा काठी. बारा चाळीसला दोन रेघा गेल्या आणि तिला हुरूप आला. पुढच्या खेपेला त्या दोन्ही परत उरल्या आणि तिनं दात-ओठ खाल्ले. फोड पुन्हा फुटले होते. काठीला रक्ताचा ओलावा लागला तेव्हा तिनं ओढणीचं टोक तळहाताला गुंडाळलं, मग ते घसरायला लागलं म्हणून काढून टाकलं.

उस्ताद भिंतीला टेकून बसले होते. झोपले असावेत. पण तिचा हात घाईला आला की ते घसा खाकरत. बस्स, तेवढंच.

सुरुवातीला आवाज खरखरीत होता, जात्यात खडा आल्यासारखा. मग तो रवाळ झाला. मग पिठाळ. मग एका क्षणी असं झालं, की आवाज काठीतून येत नाही, तळहातातून येतो आहे असं तिला वाटलं, आणि फट कुठं आहे ते तिला पेन्सिलच्या आधीच कळायला लागलं. डावीकडं किंचित… आता तिथं नाही… आता थोडी मागं. कुणीतरी चहा ठेवून गेलं. कुणीतरी तो उचलून नेऊन दुसरा ठेवला. पिकल्या मिशा आठवल्या नाहीत. मैदान आठवलं नाही. पुढं-मागं, पुढं-मागं. उचल, वळव, ठेव.

तिनं रेघा मारल्या. सोडला. पाव वळसा. काढला.

एकही रेघ नव्हती.

तिला खरं वाटेना. पुन्हा मारल्या. पुन्हा गेल्या. चारी. कडेवर सगळीकडं सारखा, रुंदी न बदलणारा राखाडी पट्टा होता, चकचकीत मुळीच नाही.

तिनं दुसरी वाटी रॉकेलनं भरली, हाताला झोंबलं तेही तिला कळलं नाही. ती फरशीवर पालथी झाली. उस्तादही वाकले आणि त्यांनी भोकाखाली तळवा धरला. दोघं कितीतरी वेळ तसेच राहिले. एक आंधळ्यासारखा हात धरून, एक श्वास धरून.

थेंब आला नाही.

चार वाट्या, चार आभाळं. शाल्मलीनं आयुष्यात खूप काही पाहिलं नव्हतं, पण इतकं गच्च मिटलेलं काही तिनं कधीच पाहिलं नव्हतं. आपण वर्षभर दार मोठं करण्याचं गणित मांडत होतो, आणि या मिटण्याबद्दल त्या बारा पानांत एक ओळही नव्हती, हे तिला आत कुठंतरी लागलं.

मग तिला आठवण झाली.

ओट्याच्या कडेला पिशवीत फोन होता. संयोगिताचे चौदा कॉल येऊन गेले होते. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. ऊन समोरच्या भिंतीवरून उतरून केव्हाच गल्लीपार गेलं होतं.

ती फोनकडे पाहत राहिली. डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ संतापही, नेहमीचा.

“दोन केव्हाच वाजून गेले, उस्ताद. तुम्हाला माहीत होतं मला जायचंय. एक हाक नाही मारता आली?”

उस्तादांनी फरशीवर पडलेली काठी चाचपून बाजूला ठेवली. मग आपले दोन्ही तळहात तिच्यासमोर उघडून धरले.

शाल्मलीनं पाहिलं. पुन्हा पाहिलं. एक हात हातात घेऊन उजेडाकडं वळवला.

आयुष्याची रेघ नव्हती. भाग्याची नव्हती. कुठलीच नव्हती. देवळाच्या झिजलेल्या पायरीसारखे, कोरे, गुळगुळीत तळहात.

…

“मीबी व्हॉल्व्हवरच्याच रेघा पुसायला बसलो हुतो, पोरी,” उस्ताद म्हणाले. “ह्या हातावरच्या गेल्या तवा मला तरी कुणी हाक मारली?”