नवीकोरी लॅब

सकाळी एक विद्यापीठ पाहून झालं होतं, दुपारी हे दुसरं. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश नेमका कुठं घ्यायचा, या एका प्रश्नापायी रेवती आणि तिचे बाबा पार थकून गेले होते. एसटीनं उन्हातान्हातून आल्यामुळे पाय भरून आले होते, आणि कुलगुरू घारपुरे साहेबांचं तोंड काही थांबत नव्हतं.

कारंजं झालं, कॅन्टीन झालं. शेवटी साहेबांनी चपला बाहेर काढायला लावून दोघांना लॅबमध्ये नेलं. आत चिटपाखरू नव्हतं. ओळीनं कॉम्प्युटर मांडलेले आणि प्रत्येकावर प्लास्टिकचं कव्हर. साहेबांनी त्यातलं एक हलक्या हातानं उचललं.

"चार वर्षं झाली, पण काल आणल्यासारखे आहेत! सकाळी ते विद्यापीठ पाहिलंत ना? तिथं आहे आणि इथं नाही अशी एक गोष्ट सांगा. मी स्वतःच्या गाडीनं तुम्हाला तिथं सोडून येतो."

बाबा खुर्चीत टेकले. रेवतीला तर बोलायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं. तिनं समोरच्या कीबोर्डवरून नुसतं बोट फिरवलं.

"सर, तिथले कीबोर्ड झिजलेत. मुलांच्या बोटांनी त्यांवरची अक्षरं पार पुसून गेलीत. इथलं एकही पुसलेलं नाही."

साहेबांनी कव्हर पुन्हा नीट घातलं.

बाबा कण्हत उठले आणि दाराशी चपला शोधत म्हणाले, "साहेब, गाडी सावलीत लावलीय ना?"