अगरूपरीचे तीन थेंब

सात डोंगर चढले की दम लागतो आणि आठवा हमखास चुकतो. त्या चुकलेल्या डोंगरावर चिमुकली राही राहायची. तिचा बाबा कोळसा पाडायचा. आठ आठ दिवस तो लांब भट्टीवर, आणि राही झोपडीत एकटी. बोलायला कोण? एक मडकं. तेही फुटकं, त्यामुळे अर्धंच ऐकायचं.

खाली गावात गेली की पोरं नाक धरून पळायची. "आली रे आली, धुरकटी आली!" राही ओढ्यात खसाखसा अंग घासायची. धूर जायचा, नाव जायचं नाही.

एकदा जंगलात तिला अगरूचं, म्हणजे उदाचं झाड दिसलं. कुणा नाठाळानं कुऱ्हाड चालवलेली. खोडाला ही मोठी जखम, त्यातून काळा चिकट रस येतोय.

"दुखतंय का रे?" म्हणत राहीनं ओली माती लिंपली, वर परकराची चिंधी बांधली आणि दिवसभर झाडाशीच गप्पा मारल्या.

तिसऱ्या दिवशी चिंधी हलली. आतून करंगळीएवढी परी निघाली! इवले इवले पंख काकवीच्या रंगाचे, झगा तपकिरी मखमलीचा, त्यावर सोन्याची भुकटी लुकलुकतेय.

"काय हवं गं, चिमणे?"

"माझ्याजवळ कुणीतरी बसायला हवं."

"बस्स? हत्ती नको?"

"झोपडीत त्याला कुठं बसवू?"

परी खुदकन हसली. जखमेतला रस घेऊन तिनं बोराएवढ्या कुपीत तीन थेंब सोडले. "हे उदाचं अत्तर. स्वतःला नाही, दुसऱ्याच्या हाताला लावायचं. आधी बोकडासारखं घमघमेल, मग हळूहळू उलगडेल. पण कुणाला 'थांबा' म्हणायचं नाही हं! आपणहून थांबेल, तोच तुझा."

गावात लग्न होतं. मांडवाच्या दारात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावणं चाललं होतं. राहीही कुपी घेऊन उभी राहिली.

पहिला थेंब सरपंचांच्या कुमुदला. "ईईई, बोकड!" कुमुदनं हात पुसला तो थेट नवरदेवाच्या काकांच्या धोतराला.

"बघू, बघू," काका मिशीला पीळ देत म्हणाले, "आम्हाला अत्तरातलं सगळं कळतं!" दुसरा थेंब हुंगला मात्र, सात शिंका आल्या! आठवीला फेटा उडाला. काका हात धुवायला पळाले. मांडव खो खो हसला. राहीच्या ओठांवर 'थांबा' आलं होतं, ते तिनं गिळून टाकलं.

ती मांडवामागे गेली, तर तिथं गावातली सगू मुसमुसत होती. नाक वाहणारी सगू! "मला कुणी अत्तरच लावलं नाही. म्हणतात, तू हातानं नाक पुसतेस."

"पुसतेस का?"

"पुसते. पण आज नाक चोंदलंय. वासच येत नाही."

राहीनं कुपी पाहिली. एकच थेंब. चोंदलेल्या नाकावर तो वायाच जाणार! पण सगूचा हात पुढे आलेला. रिकामा मागे कसा पाठवायचा? राहीनं थेंब लावला.

"आला वास?"

"नाही."

"आता?"

"नाही गं. पण तू बस ना इथंच."

राही बसली. तिला कुणी असं कधी म्हटलंच नव्हतं.

चिंचोके खेळता खेळता ऊन कललं. मग सगूला दणदणीत शिंक आली आणि नाक मोकळं झालं!

"अगं राही! गुळाचा पाक... मध... ओलं जंगल... आणि तुझा धूर! किती गोड!"

दरवळ मांडवभर पसरला. कुमुद आली, मिशा पुसत काकाही आले. "अगं, कुठलं अत्तर हे?" काका विचारू लागले. सगूच्या मनगटावर परी उभी होती. तिनं राहीला डोळा मारला, पंख मिटले, आणि लख्ख सोनेरी उजेडात ती विरून गेली.

आता सगू रोज डोंगर चढते. मागोमाग पोरंही येतात, नाक न धरता. मडकं तेवढं रुसलंय. त्याला आता अर्धंही ऐकायला मिळत नाही.