आधाराशिवाय उठण्याचा हुकूम

रोज सकाळी देवळासमोर गावातल्या बारा म्हाताऱ्या गोदाक्का सुईणीच्या मागे उठाबशा काढत. वर्षभरात कुणाची काठी सुटली, कुणाची गेलेली झोप परत आली. इनामदारांना मात्र ही थेरं वाटली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते तिथे आले आणि ऐटीत सतरंजीवर मांडी ठोकून बसले. बायकाही समोर बसल्या.

"या वयात पडलात तर उचलायचं कुणी? उद्यापासून बंद!"

गोदाक्का शांतपणे म्हणाली, "खरंय सरकार. ज्याला आधाराशिवाय उठता येत नाही त्यानं उद्यापासून घराबाहेर पडू नये, असाच हुकूम काढा. साऱ्या गावाला सारखा."

"शाबास!" इनामदारांनी तिथल्या तिथे कारकुनाकडून लिहून घेतलं आणि खाली सही ठोकली.

तशी गोदाक्कासकट सगळ्या जणी हात न टेकता उभ्या राहिल्या. इनामदारही उठू लागले. एकदा झालं, दोनदा झालं. गुडघे काही ऐकेनात.

गोदाक्कानं हात पुढे केला. "आधार देते, सरकार. पण मग उद्या दसऱ्याच्या पालखीपुढे तुमच्या मानाच्या जागी कोण चालणार?"

इनामदारांनी आधी कागद फाडला, मग हात धरला.

दसरा झाला, आणि दुसऱ्या सकाळी गोदाक्काच्या मागे तेरा जण होते.