चुरमुऱ्यांचा मुराळी

फार वर्षांमागं एके दिवशी सकाळपासून आभाळ नुसतं कोंदून राहिलं होतं. ऊन नाही, पाऊस नाही, झाडाचं पान हलेल तर शपथ. अशा हवेत चुरमुरे घटकेत सादळतात. म्हणून गावातल्या भडभुंज्यानं त्या दिवशी भट्टी पेटवलीच नाही. धुतलेलं धोतर नेसला आणि पेठेच्या पारखीणबाईंकडं निघाला.

हा भडभुंजा हातानं फार चांगला. त्याचा चुरमुरा दाताखाली कुर्रकन वाजायचा. आता त्याच्या मनात होतं की नुसतं दारात बसून मापटं-मापटं विकण्यापेक्षा गोण्या भरून आसपासच्या दुकानांना घाऊक माल द्यावा. पण त्या पेठेत घाऊक विकायचं तर पारखीणबाईंचा परवाना लागे. दसऱ्यापासून जत्रांचे दिवस. तोवर परवाना हातात पडला तर साधलं, नाहीतर सगळा हंगाम गेला.

म्हाताऱ्या पारखीणबाई त्याच्याबरोबर घरी आल्या. विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन त्यांनी त्याचा वास घेतला. वजनांवरचे शिक्के पाहिले. त्याची नखं पाहिली. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवल्या होत्या, ते पाहून मान हलवली. तेवढ्यात एक मांजर कोठीतून आळस देत बाहेर आलं.

"हे काय?"

"उंदरांसाठी ठेवलंय, बाई."

"उंदरांची बिळं बुजव. मांजराचे केस खाणाऱ्याच्या घशात गेले, तर तो उंदराला दोष देईल का तुला?"

भडभुंज्यानं मुकाट्यानं मांजर अंगणात नेऊन सोडलं.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "वीस दुकानांत वीस गोण्या पाठव. पाचव्या दिवशी, मावळतीच्या आत, त्याच वीस परत आणून दाखव."

"विकलेला माल परत? तो कशाला, बाई?"

"लेक सासरी दिली म्हणून तिला विसरतात का रे? वेळ पडली की मुराळी पाठवून माहेरी आणतातच ना? पाठवायला काय, कुणालाही येतं. मालात काही वाईट निघालं तर तुला तो परत आणता येतो का, ते मला बघायचंय."

शेजारचा गूळवाला कुंपणापलीकडून ऐकत होता. बाईंची पाठ वळताच तो खो खो हसला. "चुरमुऱ्यांना मुराळी! गड्या, येताना साडीचोळी पण कर त्यांना!"

भडभुंज्यानं गोण्या पाठवल्या. पाचव्या दिवशी गाडी जुंपून स्वतः निघाला. एकेक दुकान करत एकोणीस गोण्या मिळाल्या. विसावा दुकानदार म्हणाला, "ती होय? ती अख्खीच एका वाटसरूला देऊन टाकली. कुठल्या गावचा, कुणास ठाऊक."

दिवस कलला तसा भडभुंजा घरी आला. गूळवाला वाटच पाहत होता.

"एक कमी? मग कोठीतली एक टाक की गाडीत! चुरमुऱ्याच्या तोंडावर का नाव लिहिलेलं असतं?"

खरंच होतं ते. भडभुंज्यानं कोठीतली एक गोणी उचलली, खांद्यावर घेतली आणि तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं ती विसावी गोणी आली. इथं वीस मोजून होतील, पण ती तिकडं कुणाच्या तरी घरात सुटलेली असेल. त्यात काही वाईट असतं, तरी पोरंबाळं मुठी भरून खात असतील. त्यानं खांद्यावरची गोणी हळूच खाली ठेवली आणि एकोणीसच घेऊन गेला.

"बाई, एक नाही सापडली."

"मग परवाना नाही."

भडभुंजा जायला वळला. मग म्हणाला, "बाई, मी घरातली एक घालून आणली असती तर?"

"तर मिळाला असता," बाई सरळ म्हणाल्या. "मला काय कळणार होतं? पण खरं बोललास म्हणून परवाना देऊ? तुझ्या खऱ्यानं ती गोणी काही परत आली नाही, बाबा." मग त्या म्हणाल्या, "एक मात्र आहे. विसावी कशी गेली, हे आता तुला शोधावं लागेल. लबाडानं ते कधी शोधलंच नसतं. चार महिन्यांनी ये."

हंगाम गेला. दुसऱ्यांच्या गोण्या जत्रांना जाताना तो दारात बसून पाहायचा. पण रागानं नाही हो. विचार करत बसायचा.

लिहिता तर येत नव्हतं. मग त्यानं भिंतीवर दुकानागणिक एकेक खुंटी ठोकली. दर दिवसाच्या भाजणीला निराळा रंग, त्या रंगाच्या दोऱ्यानं प्रत्येक गोणीचं तोंड शिवायचं आणि त्याच दोऱ्याचा अर्धा तुकडा त्या दुकानाच्या खुंटीला अडकवायचा. दुकानदारांना त्यानं हात जोडून सांगितलं, "अख्खी गोणी पुढं दिलीत, तर कुणाला दिली तेवढं मला कळवा." चार महिन्यांनी बाईंनी पुन्हा पाहिलं. दुपारच्या आतच वीसच्या वीस गोण्या दारात! बाईंनी परवाना त्याच्या हातात दिला आणि पहिल्यांदा त्याच्या घरचे चुरमुरे खाल्ले.

धंदा वाढला. पुढच्याच वर्षी एके दिवशी तो भट्टीवरची कढई घासत होता. बुडाला निळसर झाक दिसली. त्यानं गाडीवानाला विचारलं, "कालची वाळू कुठली रे?"

"रंगाऱ्यांच्या घाटाखालची. जवळ पडते ना!"

त्या घाटावर रंगारी रंगाचं विषारी पाणी सोडत. त्या वाळूत भाजलेल्या तीस गोण्या पहाटेच गेल्या होत्या! त्यानं खुंट्यांवरचे कालच्या रंगाचे तीस तुकडे काढून कनवटीला बांधले आणि गाडी जुंपली. एका दुकानदारानं गोणी पुढं एका लग्नघरी दिली होती. पण ती कुठं दिली, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तिथं पंगतीच्या चिवड्यासाठी गोणीचं तोंड उसवतच होते. भडभुंजा धापा टाकत आत शिरला आणि गोणीवर आडवाच पडला.

मावळतीला तिसाव्या गोणीचा दोरा जुळला. परसात खड्डा खणून त्यानं सगळा माल पुरला. कुणी आजारी पडलं नाही, कुठं बोभाटा झाला नाही. लग्नघरच्यांनी तर त्याला वेडाच ठरवलं.

गूळवाला कुंपणाशी येऊन ते सगळं पाहत उभा होता. आज तो हसला नाही. आत येऊन त्यानं भडभुंज्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि स्वतः माती लोटू लागला. ह्या गोष्टीचं तात्पर्य कुणी विचारलं, तर आमच्याकडं माती लोटता लोटता तो जे बोलला तेच सांगतात:

"गड्या, आज गावात काहीच झालं नाही. आणि ते तुझ्यामुळं झालं."