एका पायातला काळा तोडा

जरा जपून या, इथला कातळ निसरडा आहे. समोर वाफ दिसते ना, ते आमचे उन्हाळे. गरम पाण्याच्या झऱ्याला आमच्याकडे तसेच म्हणतात. दगडांवर पिवळा थर बसला आहे तो गंधकाचा. हे पाणी खाली जोगळी नदीला मिळते आणि तिथून पुढच्या वळणापर्यंत नदीत मासा सापडायचा नाही. वरच्या अंगाला मात्र सापडतो. मघापासून तुम्ही आमच्या बायकांच्या पायांकडेही बघता आहात. एकाच पायात तोडा, आणि तोही काळा. त्याचेच सांगतो.

हा सगळा डोंगर कधीकाळी आगीचा रस होता, असे सांगतात. रस निवला, त्याचा हा काळा कातळ झाला. पोटातली धग मात्र राहिली. वर तिची खूण नव्हती. जोगळीचे पाणी तेव्हा गोड होते.

वाडीत रावजी नावाचा शेतकरी राहत होता. त्याला दोन सुना, थोरली येसू आणि धाकटी चंद्रा. रावजीच्या बायकोकडे चांदीचे तोडे होते. अख्ख्या वाडीत चांदी तेवढीच. बाकीच्या बायकांच्या अंगावर कासे नाहीतर पितळ. येसूने नऊ वर्षे त्या घरातले शेण काढले. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे सगळे हिनेच केले. आणि मरताना सासूने तोडे दिले चंद्राला. का, ते कुणालाच ठाऊक नाही. चंद्रा नवी होती, हसरी होती, एवढेच.

तेव्हापासून येसूला चंद्राचे पाय तेवढे दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. अंगणातून तोड्यांची चकाकी गेली की हिच्या हातातले मुसळ थांबायचे. रडली असती तर बरे झाले असते. पण ती कुणाजवळ काही बोलली नाही.

मग एका चैत्रात जमीन गुरगुरली म्हणे. इथला कातळ तडकला, कढत पाणी उसळून वर आले आणि नदीत मिसळले. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. मासे पांढरी पोटे वर करून तरंगले. तिसऱ्या दिवशी चंद्रा नदीवरून धुणे घेऊन आली, तर तिच्या पायातले तोडे काळे ठिक्कर.

दुसऱ्या कुणाकडे चांदीच नव्हती, म्हणून दुसऱ्या कुणाचे काही काळे झालेले दिसले नाही. कासे तसेही मळकटच असते. लोक आधीच भ्यायलेले. त्यात येसूच्या तोंडून गेले, "नदीनं हिच्याच पायांना काळं का फासलं? ही घरात आली आणि पाणी नासलं."

एवढेच ती बोलली म्हणे. वाडीला तेवढे पुरले. रावजीने चंद्राला तोडे काढून ठेवायला लावले आणि तिला माहेरी धाडले. नवरा खाली मान घालून उभा होता. उंबरा ओलांडताना चंद्रा येसूला म्हणाली, "बाय, चुलीवर पेज आहे. उतू जाईल, बघ."

तोडे येसूला मिळाले. चिंच आणि राख लावून तिने ते हात दुखेपर्यंत घासले. चांदी पुन्हा लखलखली. दुसऱ्या दिवशी ते घालून ती धुण्याला नदीवर गेली.

"पाय जरा लुगड्याखाली घे गो येसू," एक बाई म्हणाली, "डोळे दिपले आमचे."

"नऊ वर्षं थांबलेय मी. बघा पोटभर."

ती पाण्यात उभी राहून सकाळभर धूत राहिली. काठावर आली तेव्हा बायका तिच्या पायांकडे बघू लागल्या. येसूने खाली बघितले. तोडे काळे पडले होते.

"आता गो?" तीच बाई म्हणाली. "आता कुणाला माहेरी धाडायचं?"

येसूला ते पुन्हा घासता आले असते. चिंच घरात होती, राखही होती. पण ती घरी गेलीच नाही. धुणे तिथेच टाकून, ओल्या लुगड्यानिशी डोंगर चढून ती चंद्राच्या माहेरी गेली आणि अंगणात तिच्यासमोर उभी राहिली.

"हे पाण्याचं आहे गो, तुझ्या पायांचं नाही. मीच जळत होते तुझ्यावर."

चंद्राने आधी तिच्या पायातले काळे तोडे बघितले. मग म्हणाली, "सांगायचं होतंस बाय. एक काढून दिला असता."

येसू खाली बसली. तिने आपल्या पायातला एक तोडा काढला आणि चंद्राच्या पायात घातला. दोघी तशाच, एकेका तोड्याने, वाडीत परतल्या. रावजी दारात उभा होता. त्याने दोघींचे पाय बघितले आणि तो वाटेतून बाजूला झाला.

पाणी मात्र बिघडले ते बिघडलेच. त्याला कुणाचा इलाज नाही.

आजही वाडीत नवी सून आली की थोरली जाऊ तिला इथे घेऊन येते. एकेक तोडा घालून दोघी, हे पाणी नदीला मिळते तिथे, पाय सोडून बसतात, चांदी काळी होईपर्यंत. तो तोडा पुढे कुणी उजळायचा नाही. आणि उठण्याआधी थोरलीने धाकटीच्या तोंडाकडे बघून म्हणायचे असते, "मला तुझा हेवा वाटेल गो. वाटला की तुलाच सांगेन."