पोटमाळ्यावरचा पाऊस

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूंना थंडीपासून वाचवता वाचवता जवळजवळ बुडवलेच. त्याची ही गोष्ट.

मठ होता डोंगरमाथ्यावर. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, आणि वर दोन्ही अंगांनी उतरत आलेल्या पत्र्याखाली पोटमाळा. मधोमध उभे राहिले तर ठीक, जरा बाजूला सरकले की कपाळमोक्ष ठरलेला. वृद्ध गुरू तिथेच निजत. मार्गशीर्षात तो पत्रा असा गारठे की गुरूंचा खोकला खालच्या वाडीपर्यंत ऐकू जाई. सपाटीवरच्या गावातला एक व्यापारी त्यांचा मोठा भक्त होता. त्याने एके दिवशी येऊन स्पष्टच सांगितले की महाराजांना अशा गारठ्यात ठेवणे हे पाप आहे. पौर्णिमेला मी गाडी घेऊन येतो, यापुढे महाराज कायमचे माझ्या घरी राहतील.

आईबाप गेल्यापासून शिष्याला गुरूंवाचून कोणी नव्हते. पौर्णिमेच्या आत पोटमाळा उबदार केला तर या व्यापारी शेठजींना बोलायला जागाच उरणार नाही, असा विचार करून तो कामाला लागला.

त्याने वाडीतून भाताचा पेंढा आणला, तिरक्या छताला आतून थेट पत्र्याला भिडेल असा ठासून भरला, आणि तो खाली येऊ नये म्हणून बांबूच्या चटया ठोकल्या. वळचणीला वारा शिरायच्या फटी होत्या, त्यांत चिंध्या कोंबल्या. आढ्यापाशी झरोका होता, तो बुजवला. खिडकीवर गोधडी खिळवली. एवढ्यावर थांबला असता तर तो शिष्य कसला! माणसांबरोबर गारवा आत येतो म्हणून भेटीला येणाऱ्यांना तो दारातूनच वाटेला लावू लागला. बोलण्याने घसा खवखवतो म्हणून प्रवचन बंद झाले, आणि वाऱ्याने खोकला वाढतो म्हणून गुरूंचे संध्याकाळचे फिरणेही. खाली चुलीवर काढ्याचे भांडे दिवसभर रटरटत असे आणि त्याची वाफ जिन्यावाटे सरळ वर जाई. गुरू काही सांगू लागले की शिष्य त्यांच्या हातात काढ्याचा पेला देई. प्रेमाला असे भरते आले की ज्ञानी माणसाचेही त्याच्यापुढे काही चालत नाही.

ऊब मात्र आली आणि खोकला उतरला. शिष्य मनातल्या मनात शेठजींना निरोप देऊन मोकळा झाला, आणि एका पहाटे गुरूंच्या कपाळावर टपकन थेंब पडला.

आकाश निरभ्र होते. शिष्याने ठरवले की पत्रा फुटला. वर चढून त्याने एकूणएक खिळ्याभोवती डांबर लावले. दुसऱ्या दिवशी जास्त गळले, म्हणून त्याने जास्त डांबर लावले. पुढे चटईतून एक अळंबी डोकावली. ती त्याने गुपचूप उपटली, तर तिची भावंडे आली. आपण एवढे राबतो आणि हा पत्रा आपल्या मुळावर उठला आहे, या विचाराने त्याला रडू कोसळायचे बाकी होते.

अशात शेठजी दोन दिवस आधीच येऊन थडकले आणि महाराजांच्या सहवासासाठी पोटमाळ्यावरच निजले. त्यांचा देह भरदार, श्वासही तसाच. पहाटे पडलेला पहिला थेंब त्यांनी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावला. पुढचे कानात शिरले तेव्हा त्यांची श्रद्धा डळमळली. आजच निघायचे, असे त्यांनी फर्मावले. शिष्याने पत्रा बदलतो म्हणून हात जोडले, पण ते ऐकेनात.

तेव्हा गुरूंनी एक चमत्कारिक गोष्ट केली. काढ्याचे भांडे चुलीवरून उतरवले, जिन्याच्या तोंडावर फळी ओढली आणि आज सगळ्यांनी खाली निजायचे, असे सांगितले. दुसऱ्या सकाळी शिष्य धावत वर गेला. थंडी तीच, पत्रा तोच, पण अंथरुणाची जागा कोरडी होती. त्याच्यामागून गुरू कोयता घेऊन चढले आणि वळचणीतल्या चिंध्या उपसू लागले. शिष्याने त्यांचा हात धरला.

"गुरुजी, थंडी आत येईल."

"येऊ दे की. गळतंय ते छप्पर नव्हे, आपणच गळतोय," गुरू म्हणाले. "आपला श्वास आणि तुझ्या काढ्याची वाफ पेंढ्यातून वर जाते, गार पत्र्याला टेकते, आणि तिथं तिचं पाणी होतं. ते पाणी सुकवायला फटींतला वारा होता. त्याला तू चोर समजलास. आता पेंढा पत्र्यापासून चार बोटं खाली घे. वारा वळचणीतून शिरून वरच्या वर झरोक्यातून जाऊ दे. चटईला आतून शेणमातीचा जाड गिलावा कर, म्हणजे वाफ पेंढ्यात शिरणार नाही. आणि सकाळी खिडकी उघडत जा."

मग गुरूंचा आवाज मऊ झाला.

"बाळा, तुझ्या मायेत मला फार ऊब मिळाली. पण कितीतरी दिवसांत माझा एक शब्द तुझ्या काढ्यातून बाहेर पडला नाही."

मागोमाग वर आलेले शेठजी गालात हसले. त्यावर गुरू त्यांना म्हणाले की शेठजी, तुमच्या घराच्या भिंती तर याहून जाड आहेत. शेठजींचे हसू मावळले, आणि थोड्या वेळाने ते धोतर खोचून शेणमाती कालवताना दिसले.

गिलावा वाळला त्या दिवशी शिष्याने इतके दिवस कोणीच न विचारलेले विचारले.

"गुरुजी, आपल्याला कुठं राहावंसं वाटतं?"

गुरूंनी आधीच ठरवून ठेवले होते. थंडीभर ते मठात राहणार होते आणि होळीनंतर आंबे संपेपर्यंत शेठजींकडे. तिकडची माणसे आणि तिकडचे आंबे, दोन्ही त्यांना आवडत.

"मला तुमच्यावाचून करमायचं नाही," शिष्य म्हणाला.

"मलाही नाही करमायचं," गुरू म्हणाले, "पण मी जाईन."

शिष्याने होकारार्थी मान हलवली.